मले ते सांगेल नाही

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हा सेशन कोर्टात खुनाचा किंवा दरोड्याचा खटला उभा राहिला की जज्जसाहेबांच्या डाव्या हाताला चार खुर्च्या मांडत आणि त्यांवर गावोगावची चार बरी माणसं आणून बसवत. त्यांना असेसर म्हणत. बरी माणसं म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन आहे, ज्यांना लिहितावाचता येतं आणि ज्यांच्यावर स्वतःवर कधी खटला झालेला नाही अशी. त्यांनी पुरावा ऐकायचा, साक्षीदाराला काही विचारावंसं वाटलं तर साहेबांच्या परवानगीनं विचारायचं आणि शेवटी एकेकानं उभं राहून आरोपी दोषी की निर्दोष ते सांगायचं. काम एवढंच. पण गावात त्याचा रुबाब मोठा होता. असेसर म्हणजे अर्धा जज्ज, अशी सगळ्यांची समजूत, आणि खरं सांगायचं तर पहिल्या समन्सपर्यंत माझीही तीच होती.

मी सुलतानपूरचा. बऱ्यापैकी जमीन होती, मेहकरच्या शाळेत चार इयत्ता जास्त शिकलो होतो, एवढ्या भांडवलावर माझं नाव असेसरांत गेलं. समन्स नेमकं ज्वारी काढणीला आलेली असतानाच यायचं. सरकारला ज्वारी कधी पिकते ते कुणी तरी कळवत असावं, असा मला दाट संशय होता. शिपाई समन्स घेऊन ओसरीवर उभा राहिला की माझ्या कपाळावर आठी चढायची आणि बायकोला मात्र हसू फुटायचं. तिचं माहेर धाडजवळचं. 'जज्ज होऊन राह्यले का तुमी?' असं तिच्या माहेरच्या बोलीत म्हणून ती दशम्या बांधायला घ्यायची. मी वर तिच्यावरच करवादायचो, पण फेटा मात्र नवा काढायचो.

ज्या खटल्याबद्दल सांगायचं आहे तो माझा तिसरा की चौथा. तोवर एक गोष्ट मला कळून चुकली होती. असेसरांनी काहीही म्हटलं तरी साहेबांना ते मानलंच पाहिजे असं नसे. आमचं मत ते कागदावर टिपून घेत आणि निकाल आपल्या मनानं देत. हे कळलं त्या दिवशी मी फार चिडलो होतो. मग विचार केला की मत मानलं नाही तरी ऐकतात तर खरं. आपण आपलं काम चोख करावं, पुढचं साहेब जाणोत.

आरोपी धाडजवळच्या एका खेड्यातला, भाजीपाला पिकवणारा होता. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, आणि विहिरीवर मोट हाकून हाकून आवाज चढा झालेला. त्याचं वावर नाल्याच्या काठाला. वरच्या अंगाला गावातल्या एका मोठ्या खातेदाराची जमीन होती आणि त्यानं नाल्याला बांध घालून खालचं पाणी अडवलं होतं. वांगी, मिरच्या उभ्या वाळल्या. त्यावरून दोघांची गावासमोर तोंडातोंडी झाली, आणि 'तुह्या घराले आग लागो' असं हा बोलून गेला. असं आमच्याकडे बायका पाणवठ्यावर रोज एकमेकींना म्हणतात. पण पुढे महिन्याभरात त्या खातेदाराचा गुरांचा कोठा खरंच पेटला.

तो दिवस धाडच्या बाजाराचा होता. गाव बहुतेक बाजाराला गेलं होतं. दिवेलागणीला कोठ्यातून धूर निघताना दिसला आणि माणसं धावेपर्यंत कुटार, कडबा, छप्पर सगळं पेटून उठलं. खातेदाराचा म्हातारा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, ताप भरून कोठ्याच्या कोपऱ्यात पडलेला होता. त्याला बाहेर काढता आलं नाही. बैलजोडीही गेली. म्हणजे नुसती आग लावल्याचा गुन्हा राहिला नाही, माणूस मेला होता. आरोप शाबीत झाला तर फाशी किंवा जन्मठेप.

आरोपीचं म्हणणं होतं की तो बाजारात भाजी विकत बसला होता. बाजारात त्याला पुष्कळांनी पाहिलं होतं. पण किती वाजेपर्यंत पाहिलं ते कुणालाच धड सांगता येईना, कारण बाजारात घड्याळ बांधून कोण येतो? सरकारी वकिलांनी त्या साक्षीदारांना 'ऊन कुठे होतं, सावली कुठे होती' असं विचारून विचारून रडकुंडीला आणलं. आणि दुसऱ्या बाजूनं, याला आग लावताना पाहणारा सबंध खटल्यात एकच माणूस होता. तो म्हणजे खबऱ्या.

त्या काळी प्रत्येक ठाण्याच्या पदरी असे एकदोन खबरे असत. हातभट्टी कुणाकडे लागते, पत्त्याचा डाव कुठे बसतो, चोरीची भांडी कुणाच्या घरात आहेत, ही खबर ते जमादाराला पोचवत. त्याच्या बदल्यात त्यांच्या स्वतःच्या लहानसहान भानगडींकडे ठाणं काणाडोळा करी. हा खबऱ्याही त्यातलाच. तो बाजारात दिसला की चहाच्या टपरीवरची बोलणी बंद व्हायची, असं आरोपीच्या वकिलांनी विचारलं तेव्हा त्यानं स्वतःच मान्य केलं. वर 'मी सरकारचं काम करतो' असं छाती काढून म्हणाला. याआधी दोन खटल्यांत साक्ष दिल्याचंही त्यानं लपवलं नाही. लबाड माणूस लबाडासारखा दिसावा अशी आपली अपेक्षा असते. हा तसा दिसत नव्हता. धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का, बोलणं सावकाश. शेजारच्या खुर्चीवरचे व्यापारी असेसर माझ्या कानाशी लागून म्हणाले की माणूस भला वाटतो.

साक्ष चालू झाली तेव्हा तो आपल्या बोलीतच बोलत होता. मी बाजारले गेलतो, माह्या पायात काटा मोडला म्हून लवकर परतलो, वाटेत बिडी ओढाले बसलो. असं सगळं सरळ चाललं होतं. मग कोठ्याजवळ आल्यावर त्याचा सूर एकदम बदलला. तो म्हणाला, "कोठ्यातून सदर इसम आगपेटीसह निघताना मी समक्ष पाहिला."

मी कान टवकारले. अहो, ज्या माणसाच्या पायात काटा 'मोडतो' त्याच्या तोंडात 'सदर इसम' कुठून आला? आमच्या भागात शेजाऱ्याला इसम म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे शब्द ठाण्यातले, पंचनाम्यातले. पुढे वकिलांनी तीच गोष्ट उलटसुलट करून तीनदा विचारली आणि तिन्ही वेळा तेच वाक्य, तसंच, आगपेटीसह, समक्ष. आजूबाजूचं सगळं बोलणं दर वेळी थोडं इकडेतिकडे होत होतं. काटा एकदा डाव्या पायात होता, एकदा उजव्या. हे वाक्य मात्र जागचं हलत नव्हतं. लहानपणी आम्ही पाढे म्हणायचो तसं तो ते म्हणत होता.

जज्जसाहेब कोकणातले होते. फार सभ्य माणूस. ते इंग्रजीत टिपण करत. मराठीत जबानी लिहिणारे पेशकार पुण्याकडचे. आमची बोली त्यांना ऐकवत नसे. साक्षीदार काहीही बोलला तरी ते आधी नाक उडवत आणि मग त्याचं शुद्ध करून कागदावर उतरवत. 'मले दिसलं' चं 'मला दिसलें' व्हायचं, आणि 'सदर इसम' मात्र त्यांना अगदी घरच्यासारखा वाटायचा. म्हणजे मला जे ऐकू आलं होतं, एक माणूस दोन तोंडांनी बोलत असल्याचं, ते कागदावर उतरायला वावच नव्हता. कागदावर तो सबंध एकाच तोंडानं बोलत होता, आणि ते तोंड पेशकारांचं होतं.

वकिलांचे प्रश्न संपले. साहेबांनी रिवाजाप्रमाणे आमच्याकडे बघून असेसरांना काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. सहसा कुणी काही विचारत नसे, सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीचे वेध लागलेले असत. मी उभा राहिलो. खबऱ्या बोलता बोलता म्हणून गेला होता की आपल्याला पाहून आरोपी काहीतरी बोलला आणि मग पळाला. ते काहीतरी म्हणजे काय, हे दोन्ही वकिलांनी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, साहेब, आरोपी काय बोलला तेवढं त्यानं सांगावं.

माझा हिशेब सोपा होता. पाढ्याबाहेरचं विचारलं म्हणजे हा स्वतःच्या तोंडानं बोलेल.

दाराशी जमादार उभा होता, तिकडे खबऱ्यानं पाहिलं. मग पायाकडे पाहिलं. मग अगदी सहज, घरात बोलावं तसं म्हणाला, "मले ते सांगेल नाही."

आता इथे मला जरा थांबून माझ्या संसारातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्न होऊन बायको नांदायला आली तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा शेतातून भुकेजून आलो, पाय धुतले आणि पाटावर बसलो. ती शेंगा फोडत बसली होती. 'भाकरी करेल हायेत,' म्हणाली. आता करेल म्हणजे पुढे कधीतरी कुणीतरी करेल, असं मी समजलो आणि वाट पाहत बसलो. ती समजली की याला इतक्यात जेवायचं नाही. मी बसलोय, ती शेंगा फोडतेय. शेवटी पोटात आगडोंब उसळला तेव्हा मी ओरडलो की कोण करेल आणि कधी करेल? तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी आणून माझ्यापुढे आदळल्या. धाडकडे 'करेल' म्हणजे केलेलं. भाकरी करेल हायेत, म्हणजे करून ठेवलेल्या आहेत. आमच्या सुलतानपूरकडे 'केल्याल्या' म्हणतात. पुस्तकातल्या मराठीत करेल म्हणजे पुढे होणारी गोष्ट, धाडकडे होऊन गेलेली. बायकोनं हे माहेरी सांगितलं, सासू ते गावभर सांगत फिरली, आणि कितीतरी वर्षं सासुरवाडीला गेलो की मेहुणे मला 'भाकरी करेल हायेत' म्हणून चिडवत. त्यामुळे हा एक शब्द माझ्या चांगलाच अंगवळणी पडला होता.

तेव्हा 'मले ते सांगेल नाही' हे ऐकल्याबरोबर मला काय कळलं ते वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. तो म्हणाला होता, मला ते सांगितलेलं नाही. बाकीचं सांगितलेलं होतं, एवढं राहिलं होतं.

पिंजऱ्यात आरोपी सकाळपासून मान खाली घालून उभा होता. त्यानं झटकन मान वर केली. तोही त्याच भागातला. "आयकलं का साहेब, हा काय म्हणून राह्यला ते?" तो म्हणाला. शिपायानं त्याला दटावून गप्प केलं.

पेशकारांनी टाक दौतीत बुडवला आणि साहेबांना सांगितलं की साक्षीदार उत्तर द्यायला नकार देतो आहे. कागदावर त्यांनी लिहिलं, 'तें मी सांगणार नाहीं.' त्यांच्याकडून पाहिलं तर चूक नव्हती. सांगेल नाही, म्हणजे सांगणार नाही. त्यांच्या मराठीत दुसरा अर्थ होतच नव्हता. मी पुन्हा उठायला लागलो तर साहेबांनी हातानंच बसा म्हटलं. असेसरांनी प्रश्न विचारायचा, अर्थ लावायचा नाही, मत शेवटी द्यायचं, असं त्यांनी मला सौम्यपणे समजावलं. मग खबऱ्याला ताकीद दिली की कोर्टात साक्षीदाराला नकार देता येत नाही, सुट्टीनंतर उत्तर द्यावंच लागेल.

ती सुट्टी मी जन्मात विसरणार नाही. असेसरांना सक्त हुकूम असे की खटल्याबद्दल बाहेर कुणाशी चकार शब्द काढायचा नाही. आरोपीचे वकील माझ्यापासून चार हातांवर उभे राहून पान लावत होते. नागपूरकडचे तरुण वकील, त्यांच्याही ध्यानात तो शब्द आला नव्हता, नाहीतर ते उसळलेच असते. त्यांच्या कानात एवढंच सांगायचं होतं की अहो, 'सांगेल' चा अर्थ नीट विचारा. पण मी शपथ घेतलेली. मी दशमी सोडली आणि तशीच पुन्हा बांधून ठेवली. आणि समोर कडुनिंबाखाली खबऱ्या आणि जमादार बिडीला बिडी लावून बोलत होते. त्यांना कुणाची बंदी नव्हती. मला असा संताप आला की पाण्याचा तांब्या मी जोरात खाली ठेवला आणि बाकीचे असेसर माझ्याकडे बघायला लागले.

सुट्टीनंतर खबऱ्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभा राहिला. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तयार होतं. "सदर इसम म्हणाला, आता अडव म्हणावं माझं पाणी."

सरकारी वकिलांनी समाधानानं कागद आवरले. तोवर पाण्याचं भांडण वेगळं होतं आणि आग वेगळी. रागाच्या भरातल्या एका शिवीपलीकडे दोन्हींना जोडणारा धागा नव्हता. तो माझ्या प्रश्नानं मिळाला. ज्या फटीतून उजेड पडावा म्हणून मी बोट घातलं होतं ती फट जमादार-खबऱ्यांनी अर्ध्या तासात लिंपून टाकली, आणि वर ती भिंत आधीपेक्षा पक्की झाली. व्यापारी असेसर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की तुम्ही फार मुद्द्याचं विचारलंत. मला त्या माणसाचं तोंड बघवेना.

भिंतीला टेकून आरोपीची बायको बसली होती. पदर तोंडाशी धरून ती माझ्याकडे पाहत होती. आत काय चाललंय ते तिला किती कळत होतं कोण जाणे. चार खुर्च्यांवरची माणसं आपल्या नवऱ्याचा निकाल देणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. दर तारखेला आम्ही आत जाताना ती उठून उभी राही आणि साहेबांना करावा तसा आम्हाला नमस्कार करी.

दोन दिवसांनी आम्हाला मत विचारलं. पहिले उभे राहिले ते मोठे शेतकरी. दोषी म्हणाले. व्यापारी म्हणाले दोषी. तिसरे एक पेन्शनर मास्तर होते, ते म्हणाले की एकट्या खबऱ्याच्या तोंडावर माणसाचा जीव घ्यावा असं वाटत नाही, निर्दोष. मग माझी पाळी. मी निर्दोष म्हटलं आणि खाली बसलो नाही. कारण सांगायची परवानगी मागितली. साहेबांनी दिली.

मी सगळं सांगितलं. काटा मोडणं आणि सदर इसम, पाढ्यासारखं वाक्य, आणि सांगेल. माझ्या घरच्या भाकरींची गोष्टही सांगितली. तेव्हा साहेब जरा हसले, पेशकार हसले नाहीत. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं, हे मी आजही कबूल करीन. त्यांनी जबानीचा कागद काढून पाहिला. म्हणाले की जबानी साक्षीदाराला वाचून दाखवली, त्याला ती कबूल होती, खाली त्याचा अंगठा आहे. शिवाय तुम्ही म्हणता तसाच अर्थ घेतला तरी, आरोपीनं मला ते सांगितलं नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. मी म्हटलं, होऊ शकतो, पण आरोपी बोलला असं तोच आधी म्हणाला होता. साहेब म्हणाले, घाबरलेला माणूस आधी कचरतो आणि मग खरं बोलतो, असं पुष्कळदा घडतं.

मग ते म्हणाले, "तुमचं सगळं मत एका शब्दावर उभं आहे."

"हो साहेब," मी म्हटलं. "पण त्या साक्षीत त्याचा स्वतःचा असा तेवढाच शब्द होता."

साहेबांनी मान हलवली आणि टिपण केलं. काय केलं ते मला नंतर वकिलांकडून कळलं. दोन असेसर दोषी म्हणतात, दोन निर्दोष म्हणतात, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. कारणं लिहायची पद्धत नव्हती.

निकाल जन्मठेपेचा झाला. आत म्हातारा निजला आहे हे आरोपीला माहीत होतं असं सिद्ध होत नाही, म्हणून फाशी नाही. आरोपीचे वकील बाहेर येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले की तुमच्या बोलण्यानं साहेब जरा डळमळले, नाहीतर आज दोर होता. ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते, पण मला उलट चीडच आली. खबऱ्यानं त्याला पाहिलं असेल तर लटकवा आणि पाहिलं नसेल तर घरी जाऊ द्या. थोडंसं पाहिलं म्हणून थोडीशी शिक्षा, हा कुठला न्याय? हे मी तोंडावर बोललो. वकिलांनी पान पुढे केलं.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. त्या माणसानं आग लावली की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. लावलीही असेल. पाणी तोडलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते मी शेतकरी असून मला काय कुणी शिकवावं? पण खबऱ्यानं त्याला पाहिलं नव्हतं, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आणि शिक्षा झाली ती त्याच्या पाहण्यावर.

वकिलांनी नागपूरला अपील केलं. मी त्यांना सगळं पुन्हा समजावून दिलं, त्यांनी ते मांडलंही असेल. पण नागपूरला माणसाचा आवाज जात नाही, कागद जातो, आणि कागदावर 'तें मी सांगणार नाहीं' असं स्वच्छ अक्षरात होतं. अपील फेटाळलं.

पुढच्या उन्हाळ्यात मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला मी सासुरवाडीला गेलो. मांडवात बसलो होतो तेव्हा बायकोनं येऊन सांगितलं की बाहेर कुणी बाई भेटायला आली आहे. मी उठून गेलो. आरोपीची बायको होती. डोक्यावरची टोपली तिनं खाली उतरवली. वांगी, कोथिंबीर, थोड्या मिरच्या होत्या. वावर आता तीच करत होती, दिराच्या मदतीनं. पाणी अजून अडवलेलंच होतं, विहिरीवर भागवत होती. नवरा नागपूरच्या तुरुंगात होता, एकदा भेटून आली होती. हे सगळं तिनं कुणाकडे बोट न दाखवता सांगितलं. मला तिची तक्रार सोसली असती, तिचं ते शांत बोलणं सोसवेना.

मग म्हणाली की वकिलानं तिला सांगितलं, मी निर्दोष म्हणालो होतो. मी हो म्हटलं.

"मंग तो सुटला काऊन नाही?"

गावातल्या पंचांत चार जण बसतात आणि ते जे म्हणतात ते होतं. दोन इकडे, दोन तिकडे झाले तर पुन्हा बसतात. तिला तेवढंच ठाऊक होतं. मी तिला समजावून सांगायला लागलो. असेसर म्हणजे पंच नव्हे. आम्हाला बोलावतात, खुर्ची देतात, शपथ देतात, सगळं ऐकवतात, मग आमचं मत विचारतात. पण ते साहेबांनी घ्यावंच असं नाही. त्यांना पटलं तर घेतात, नाही पटलं तर नाही. सांगता सांगता माझं मलाच ते इतकं विचित्र वाटायला लागलं की माझा आवाज खाली गेला. माझी बायको मागे उभी होती, तिनंही मान फिरवली.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ टोपलीतली कोथिंबीर सारखी करत राहिली.

"म्हंजे चौघांयचं इचारतात, पर आयकत नाहीत," ती म्हणाली.

तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग तुमच्यापक्षा खबऱ्या बरा. त्याचं तरी आयकतात."